दारावरची खूण

पल्स पोलिओच्या गेल्या फेरीत दोन आरोग्य सेविका आमच्या इमारतीत आल्या होत्या. रविवारी बूथवर जी मुले पोहोचली नाहीत, त्यांना पुढच्या काही दिवसांत घरी जाऊन डोस पाजायचे, असा या फेरीचा नेहमीचा क्रम असतो. परळमधली आमची इमारत जुनी चाळ पाडून तिच्या जागी उभी राहिलेली आहे. मजले वाढले, दारे जाड झाली आणि प्रत्येक दाराबाहेर जाळीचे आणखी एक दार बसले. सेविका एकेका दाराशी थांबत, पाच वर्षांखालचे मूल आहे का असे विचारत, खांद्यावरच्या पेटीतून गार कुपी काढून मुलाच्या जिभेवर दोन थेंब टाकत आणि त्याच्या डाव्या करंगळीच्या नखावर शाई लावत. मग त्यांतली धाकटी खडूने दाराशेजारच्या भिंतीवर घराचा क्रमांक, तारीख आणि इंग्रजी पी हे अक्षर लिही. जिथे कुलूप होते किंवा मूल आजोळी गेलेले होते, तिथे ती फुली मारी. दुसऱ्या दिवशी सकाळी सफाई कामगार ओले फडके घेऊन मजल्यामजल्यावर त्या खुणा पुसताना दिसला. भिंतींना नुकताच रंग दिला होता, आणि दाराशेजारी असले काही लिहिलेले बरे दिसत नाही, अशी काही रहिवाशांची तक्रार होती. दुपारी त्या दोघी राहिलेल्या घरांसाठी परत आल्या, तेव्हा कोरी भिंत पाहून थांबल्या आणि वहीची पाने उलटत काल कोणते दार बंद होते ते शोधू लागल्या. "वहीत आहे हो सगळं," थोरली मला म्हणाली, "पण आम्ही आजारी पडलो आणि दुसरी टीम आली, तर तिला भिंतच सांगते."

पुसल्या गेलेल्या त्या फुल्या माझ्या मनातून जाईनात. शाळेत फुली म्हणजे चूक, पण पोलिओच्या कामात फुलीचा अर्थ इतकाच की या घरी पुन्हा यायचे आहे. दार उघडेपर्यंत यायचे आहे. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. या यशाबद्दल बोलताना आपण लशीबद्दल बोलतो, जाहिरातींबद्दल बोलतो. पण वर्षानुवर्षे लाखो दारांवर खडूने मारलेल्या फुल्या आणि त्या फुल्यांच्या मागे पुन्हा चढलेले जिने यांच्याशिवाय ते घडले नसते. आमच्या इमारतीतल्या ज्यांनी तक्रार केली, ती माणसे वाईट नाहीत. त्यांच्या नातवंडांना त्यांनी हौसेने डोस पाजून घेतले होते. त्यांना नको होती ती दारावरची खूण. सरकारच्या माणसाने आपल्या दारावर काहीतरी लिहून जावे आणि येणाऱ्याजाणाऱ्याने ते वाचावे, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. ही नावड रंगाच्या खर्चातून आली असेल असे मला वाटत नाही. या शहरात ती फार जुनी आहे.

आमच्या घरात गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची, एक गोष्ट आजीकडून चालत आलेली आहे. आजीला ती तिच्या सासूने सांगितली होती. माझे पणजोबा तेव्हा गिरणीत नवे लागलेले होते आणि भायखळ्याच्या बाजूला एका खोलीत पंधराएक गाववाल्यांसह राहत होते. एके दिवशी शेजारच्या खोलीत ताप आला, मग दुसऱ्या खोलीत आला, आणि एका रात्री पणजोबा आणि त्यांचे सोबती गलबताने रत्नागिरीकडे निघाले. गावी पोचल्यावर त्यांना गावात घेतले नाही. माळावर झापांच्या खोपीत त्यांना काही आठवडे काढावे लागले, आणि घरची माणसे दुरूनच भाकरी ठेवून मागे फिरत. आजी ही गोष्ट सांगताना भाकरी ठेवणाऱ्या हाताचे वर्णन अशा बारकाईने करी की जणू ती स्वतः तिथे उभी होती. २०२० च्या उन्हाळ्यात कोकणात गेलेल्या चाकरमान्यांना गावच्या शाळेत चौदा दिवस ठेवले गेले आणि भावकीतली माणसे शाळेच्या पायरीवर डबा ठेवून लांब उभी राहू लागली, तेव्हा मला आजीचा तो हात आठवला होता.

ती साथ सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत उघडकीस आली. बंदराला लागून असलेल्या त्या भागात धान्याची गोदामे, गोदामांत उंदीर आणि गोदामांवर माणसे, अशी वस्ती होती. मूळ गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तिथल्या रुग्णांच्या जांघेतल्या आणि काखेतल्या गाठी पाहून हा गाठीचा प्लेग आहे असे निदान केले. मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. सिग्नलला थांबलेल्या बसमधून तो दिसतो आणि बस सुटली की विसरला जातो. प्लेग हा शब्द उच्चारणे व्यापाराच्या शहराला परवडणारे नव्हते. परदेशातली बंदरे मुंबईच्या जहाजांना दूर ठेवतील, माल अडकून पडेल, ही भीती मोठी होती आणि ती खोटीही नव्हती. पण एकदा निदान मान्य झाल्यावर प्रशासन दुसऱ्या टोकाला गेले. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी पालिका आयुक्त स्नो यांनी काढलेल्या हुकुमाने संशयित रुग्णाला घरातून सक्तीने इस्पितळात नेण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना मिळाला. गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ओतले जाऊ लागले, घरांना चुना फासला जाऊ लागला, उजेड आत यावा म्हणून छपराची कौले उतरवली गेली. उंदरांवरच्या पिसवा हा रोग माणसापर्यंत आणतात, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. पॉल लुई सिमाँ यांनी कराचीत त्याचा छडा लावला तो १८९८ मध्ये. तोपर्यंत रोग घरात, मातीत, कपड्यांत आणि गरिबाच्या अंगात आहे असे समजून सगळी शक्ती तिथे लावली गेली.

इस्पितळ म्हणजे आर्थर रोडचे. ऑक्टोबर संपता संपता गिरणी कामगारांचा मोठा जमाव त्या इस्पितळावर चालून गेला. अफवा अशी होती की आत नेलेल्या माणसांची काळजे काढून ती राणीकडे पाठवली जातात. त्याच महिन्यात मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासले गेले होते, आणि लोकांनी त्या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या. या अफवेचा उल्लेख आपल्याकडे लोकांच्या अडाणीपणाचा दाखला म्हणून केला जातो, आणि तसे लिहिलेले वाचले की मला अस्वस्थ व्हायला होते. तापाने फणफणलेला आपला भाऊ धडधाकट माणसांनी उचलून नेला, फाटकाशी आपल्याला अडवले, तो आत जिवंत आहे की नाही हे कोणी सांगेना, आणि मग एक दिवस तो गेला एवढेच कळले. अशा माणसाने आत काय चालते याची कल्पना कशी करावी? ज्याला काहीच सांगितले जात नाही, तो स्वतःच काहीतरी रचून मोकळा होतो. जमाव चालून गेल्यावर काही दिवसांतच तो हुकूम सैल करावा लागला. मात्र धडा टिकला नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला, मार्चमध्ये जनरल गॅटॅकर यांच्या हाताखाली प्लेग समिती नेमली गेली, आणि घरोघरच्या झडत्या अधिक कडक झाल्या. तोवर जवळजवळ निम्मे शहर पळून गेले होते. पुण्यात पुढे काय झाले, ते मराठी वाचकाला सांगायला नको.

त्या काळात ज्या घरांत राहणे धोक्याचे ठरवले गेले, त्यांच्यावर यू.एच.एच. अशी तीन इंग्रजी अक्षरे रंगवली जात. माणसाला राहण्यास अयोग्य, असा त्यांचा अर्थ. ज्यांच्या घरावर ती अक्षरे रंगवली गेली, त्यांतल्या बहुतेकांना ती वाचता येत नसणार. अधिकाऱ्याने अधिकाऱ्यासाठी लिहिलेली ती खूण होती. घरातल्या माणसाने त्यानंतर कुठे जायचे, हे त्या अक्षरांत नव्हते. १८९८ मध्ये शहर सुधार ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्ती फोडून समुद्राचा वारा आत आणण्यासाठी प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले गेले, पुढे दादर, माटुंगा, वडाळा या बाजूला आखीव वसाहती आल्या. त्या वसाहतींतली झाडांची सावली मला मनापासून आवडते; हिंदू कॉलनीतून चालत जाताना हे शहर असेही असू शकले असते असे वाटत राहते. पण पाडलेल्या खोल्यांतली बहुतेक माणसे त्या सावलीत आली नाहीत. ती शेजारच्या, आधीच भरलेल्या खोल्यांत शिरली, आणि दाटी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत सरकली.

याच इतिहासात दुसरीही बाजू आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती करणारी माणसे त्याच शहरातली, त्याच भीतीत जगणारी होती. इस्पितळाला विरोध होतो तो उपचारांना नव्हे, तर तिथल्या एकाकीपणाला आणि तिथे होणाऱ्या विटाळाला, हे लक्षात आल्यावर निरनिराळ्या समाजांना आपापली प्लेग इस्पितळे काढायला परवानगी मिळाली. तिथे ओळखीचा स्वयंपाक होता, ओळखीची बोली होती आणि घरच्या माणसाला खाटेशी बसता येत होते. लोक तिथे स्वतःहून येऊ लागले. जातवार इस्पितळे हा काही अभिमानाने सांगण्याचा प्रकार नाही, आणि आज कोणी तसे सुचवले तर मी विरोधच करीन. पण खाटेशी आपले माणूस असणे याचे मोल त्या अनुभवाने सिद्ध केले, हे नाकारता येत नाही. ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन लस तयार करत होते. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी ती घेतली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा आली, तिलाच पुढे त्यांचे नाव दिले गेले. आमच्या घरापासून ती वास्तू चालत जाण्याच्या अंतरावर आहे. लहानपणी तिथे साप असतात एवढेच आम्हाला माहीत होते.

आर्थर रोडचे ते इस्पितळ म्हणजे आजचे कस्तुरबा रुग्णालय.

मार्च २०२० मध्ये मुंबईतले पहिले करोना रुग्ण त्याच आवारात दाखल झाले, आणि राज्याने १८९७ चाच कायदा लागू केला. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हाताच्या पाठीवर न पुसल्या जाणाऱ्या शाईने शिक्का मारला जाऊ लागला. मुंबईकरांचे रक्षण करण्याचा मला अभिमान आहे, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य त्या शिक्क्यावर होते आणि खाली घरात राहण्याची मुदत होती. ते वाक्य ज्याने सुचवले त्याचा हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. ज्याच्या हातावर शिक्का आहे त्याला अपराधी वाटू नये, म्हणून अभिमानाची भाषा योजली गेली होती. पण रेल्वेच्या डब्यातल्या लोकांनी ते वाक्य वाचले नाही, त्यांनी शाई पाहिली. काही दिवसांतच शिक्का असलेल्या चार प्रवाशांना पालघरला गाडीतून उतरवल्याची बातमी आली. त्यांनी घरात थांबायला हवे होते, हे खरेच. तरीही गाडीतल्या सगळ्या नजरा त्या चार हातांवर कशा खिळल्या असतील, याचे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

आम्ही तेव्हा अजून चाळीतच होतो. मे महिन्यात समोरच्या खोलीतल्या काकांना ताप आला. आमच्या चाळीसाठी जी आरोग्य सेविका येत असे, ती मागच्याच गल्लीत वाढलेली. काका तिला परकरात असल्यापासून ओळखत. प्लास्टिकच्या झग्यात ती ओळखू येत नव्हती, म्हणून जिन्यातूनच तिने हाक मारली, "काका, मी आहे, घाबरू नका." तिने काकांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा स्थिर होईपर्यंत गॅलरीतल्या सगळ्या खिडक्यांतून आम्ही श्वास रोखून पाहत होतो. तिने आकडा मोठ्याने उच्चारला नाही. वहीत लिहिला, बाजूला जाऊन फोन केला आणि काकूंना म्हणाली, की एका पिशवीत दोन कपडे, टॉवेल, चार्जर आणि त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या भरा. काकूंनी त्यात स्टीलचा तांब्या घातला. सेविकेने तो काढला नाही. रुग्णवाहिका आली, काका स्वतःच्या पायांनी जिना उतरले आणि रस्त्यावर पोचल्यावर वर बघून त्यांनी हात केला. त्यानंतर चाळीच्या तोंडाशी बांबू आडवे बांधले गेले आणि प्रतिबंधित क्षेत्र असे लिहिलेला फलक लागला. भाजी दोरीच्या टोपलीतून वर येऊ लागली. आणि पुढचे दोन दिवस काकांना कुठे नेले आहे, हे काकूंना कळले नाही.

त्या दोन दिवसांबद्दल मी फार विचार केला आहे. कोणी मुद्दाम छळ केला नव्हता. खाट मिळेना म्हणून त्यांना एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवले गेले होते, काकांचा फोन बंद पडला होता, आणि जिथे चौकशी करावी तिथला फोन कोणी उचलत नव्हते. पण गॅलरीत उभ्या असलेल्या काकू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जे बोलल्या, ते ऐकून मला १८९६ चे आर्थर रोडचे फाटक दिसले. त्या म्हणाल्या, "आजाराचं काही नाही गं. पण नेतात तिथे माणूस एकटा पडतो." शेवटी त्या सेविकेनेच ओळखीपाळखीतून शोध लावला आणि जिन्यात उभे राहून काकूंना व्हिडिओ कॉल लावून दिला. पडद्यावर काका दिसले, त्यांनी तांब्या उचलून दाखवला. पुढे ते बरे होऊन परतले. अनेकांच्या घरी तसे झाले नाही. आमच्याच चाळीतल्या एका घराला आपले माणूस परत दिसलेच नाही, एका बंद पिशवीतून ते परस्पर नेले गेले आणि त्या घरात आजही त्याबद्दल बोलले जात नाही.

मग हळूहळू गोष्टी सुधारल्या, आणि त्या कशा सुधारल्या हे सांगणे मला न्यायाचे वाटते. पालिकेच्या चोवीस वॉर्डांत वॉर रूम उभ्या राहिल्या, खाटांचे वाटप तिथून होऊ लागले आणि बाधित अहवाल आल्यावर रुग्णाला त्याच्याच वॉर्डातून फोन जाऊ लागला. समोरून बोलणाऱ्याला नाक्यावरचे मंदिर आणि मागची गल्ली माहीत असायची, एवढ्यानेही फोनवरचा आवाज आपला वाटे. धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण सापडला, तेव्हा अडीच चौरस किलोमीटरांत आठ लाखांहून अधिक माणसे आणि बहुतेकांची सार्वजनिक शौचालये, या हिशोबाने सगळ्यांचेच काळीज हादरले होते. तिथे पालिकेने स्थानिक खाजगी डॉक्टरांना सोबत घेतले. वर्षानुवर्षे ज्यांच्याकडे लोक खोकल्याचे औषध घ्यायला जात होते, तेच डॉक्टर संरक्षक पोशाख घालून गल्लीत शिरले. शौचालये दिवसातून अनेकदा निर्जंतुक केली गेली, शाळा आणि क्रीडासंकुल विलगीकरणासाठी घेतले गेले, तिथे दोन्ही वेळचे जेवण दिले गेले. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे राहत असतील, तर घरात वेगळे राहा असे सांगण्याला अर्थ नसतो; वेगळी जागा आणि जेवण द्यावे लागते. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव जगासमोर घेतले, आणि टीव्हीसमोर बसलेल्या मला खरोखर भरून आले.

त्याच महिन्यात रक्तातल्या प्रतिपिंडांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. मुंबईतल्या तीन वॉर्डांत केलेल्या या पाहणीत झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे आढळली होती, तर इमारतींत राहणाऱ्या १६ टक्के लोकांमध्ये. म्हणजे विषाणू वस्त्यांमधून आधीच फिरून गेला होता. जिथे आपण साथ अडवली असे म्हणत होतो, तशा वस्त्यांमधली निम्म्याहून अधिक माणसे ती अंगावर काढून मोकळी झाली होती, आणि त्यांतली कित्येक कामावर जात राहिली होती, म्हणून इमारतींत दूध आणि भाजी पोचत होती. हे आकडे वाचल्यावर धारावीबद्दलचा माझा अभिमान गेला नाही, पण त्याच्या शेजारी दुसरे काहीतरी येऊन बसले. पुढच्या वर्षीच्या लाटेत उलट झाले; बहुतेक रुग्ण इमारतींतून येऊ लागले. त्या वेळी चाळीतली सेविका मला म्हणाली होती, की वस्तीत दार उघडेच असते, टॉवरमध्ये मात्र तिला वॉचमनच्या खुर्चीशी उभे राहून इंटरकॉमवर बोलावे लागते आणि वरून उत्तर येते, आमच्याकडे सगळे ठीक आहे.

करोनाच्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली, आणि तिची किंमत लहान मुलांनी मोजली. त्या दोन वर्षांत नेहमीच्या लसीकरणाची घडी विस्कटली होती. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोवंडीत गोवराची साथ आली आणि काही मुले दगावली. देवनारच्या कचराभूमीला लागून असलेल्या त्या वस्त्यांत भाड्याची खोली सारखी बदलणारी कुटुंबे खूप. आज ज्या दाराशी नोंद केली ते कुटुंब महिन्याने तिथे नसते. सेविका पुन्हा घरोघर फिरल्या, स्थानिक डॉक्टरांची आणि मौलवींची मदत घेतली गेली, पाच वर्षांखालच्या मुलांना जादा डोस दिले गेले. हे सगळे योग्यच होते. पण ज्या आईने आदल्या दोन वर्षांत पालिकेचा माणूस फक्त तपासणीसाठी आणि बांबू बांधण्यासाठी आलेला पाहिला होता, तिने आता त्याच पोशाखातल्या बाईच्या हाती आपले मूल निर्धास्तपणे द्यावे, ही अपेक्षा सोपी नव्हती. साथ नसतानाही जी बाई दाराशी येऊन मुलाचे वजन विचारून गेली असेल, तिच्यासाठी दार उघडते. साथीच्या दिवशीच उगवणाऱ्यासाठी ते उघडत नाही. विश्वास लोणच्यासारखा आधीच्या मोसमात घालून ठेवावा लागतो.

पोलिओच्या त्या फेरीनंतर थोरल्या सेविकेशी माझी ओळख वाढली. एकदा मी तिला भिंतीवरच्या पुसलेल्या खुणांबद्दल विचारले, तेव्हा ती रागावलेली दिसली नाही. तिने मला क्षयाच्या रुग्णांबद्दल सांगितले. त्यांच्याकडे जाताना ती गळ्यातले ओळखपत्र पर्समध्ये टाकते आणि वही पिशवीत ठेवते. लग्नाच्या वयाची मुलगी असेल, तर ती त्या घरी जातच नाही. मुलीला केंद्रावर बोलावते किंवा बाजारात भेटून गोळ्या घेतल्या का ते विचारते. "एकीच्या सासरी मी तिच्या माहेरची मावशी म्हणून जाते," ती म्हणाली. "तिथे चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत." एकाच बाईला एका दारावर ठळक खूण करायची असते आणि दुसऱ्या दारावर आपली सावलीही उमटू द्यायची नसते, आणि कुठे काय करायचे हे तिला कोणत्याही परिपत्रकाने शिकवलेले नाही. ते तिला त्या घरांकडे पाहून कळते. खूण घरातल्या माणसाच्या कामी येणार की त्याच्या शेजाऱ्यांच्या, हा प्रश्न ती रोज जिन्यात उभी राहून सोडवते.

१८९७ चा तो कायदा मी नंतर मुद्दाम काढून वाचला. मूळ कायदा चार कलमांचा, पानभरात संपणारा. सरकार काय काय करू शकते ते त्यात आहे: प्रवाशांची तपासणी करता येईल, संशयितांना इस्पितळात किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात वेगळे ठेवता येईल, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा होईल, आणि या कायद्याखाली सद्भावनेने काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही. २०२० मध्ये त्यात भर पडली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात उगारणाऱ्यांना कडक शिक्षा देण्याची, आणि ती भर पडायलाच हवी होती; जिच्या अंगावर लोक धावून गेले अशा एका परिचारिकेला मी ओळखते. पण ज्याला उचलून नेले त्याचे सरकार काय देणे लागते, याबद्दल त्यात भरपाईच्या एका ओझरत्या उल्लेखापलीकडे काही नाही. सव्वाशे वर्षांत दोन मोठ्या साथी या शहराने त्या कायद्याखाली काढल्या, आणि फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा त्यात अजून उल्लेख नाही.

म्हणून मी एका संध्याकाळी माझ्यापुरती एक यादी केली. नेलेल्या माणसाचा ठावठिकाणा आणि प्रकृती त्याच्या घरी रोज ठरलेल्या वेळी कळवली जावी. घर बंद केले, तर त्या दिवसांची मजुरी त्या घराला मिळावी. अखेरचे दर्शन, लांबून का होईना, नाकारले जाऊ नये. दारावर, हातावर किंवा यादीत जी खूण करायची, तिचा अर्थ आधी त्या माणसाला त्याच्या भाषेत समजावून सांगावा, आणि मुदत संपली की ती पुसण्याची जबाबदारी ज्याने केली त्याची असावी. आमच्या लोकप्रतिनिधींना हे पत्राने पाठवायचे मी ठरवले होते. पाठवण्याआधी सेविकेला वाचून दाखवले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "हे रोज घरी कळवायला जाणार कोण, ताई?" मी काही बोलण्याआधी तीच म्हणाली, की जाणार आम्हीच, आणि आम्हाला अजून पगार नाही, मानधन आहे, करोनात जिने चढलो तेव्हाही मानधनच होते. तिचे म्हणणे मी जसेच्या तसे उतरवून घेतले, यादीत सर्वांत वर ठेवले, आणि पत्र तसे पुन्हा लिहून दुसऱ्या दिवशी पाठवले.